पोतनीसांचं छत्र

बेल असताना दार ठोठावणारी माणसं म्हणजे जयवंतरावांकडची. बेल परक्यांनी वाजवायची असते, असं त्यांच्या घरात सगळे मानतात. त्यामुळे त्या सकाळी थाप पडली तेव्हा नीराकाकूंनी पोह्यांच्या कढईवरची नजरही काढली नाही. "अहो, जयवंतभाऊजींकडचं कुणीतरी आलंय, उघडा," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांच्या ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होते. आमची दारं समोरासमोर आहेत आणि सकाळच्या वेळी ती दोन्ही उघडीच असतात. त्या दिवशी मात्र काकांनी आपलं दार मुद्दाम लावून घेतलं होतं, कारण बाहेरच्या खोलीत चादर अंथरून त्यांनी देवाचं छत्र उघडलं होतं आणि वाऱ्याने धूळ यायला नको होती. पाडवा नुकताच झाला होता. पाडवा झाला की कपाटावरची लांब पेटी खाली येते, छत्र बाहेर निघतं, त्याला सावलीतली हवा दाखवायची, काठीवरचा चांदीचा पत्रा विभूतीने घासायचा, हे काम पद्माकरकाका स्वतः करतात. गर्द लाल मखमल, आतून पांढरं रेशमी अस्तर, वर छोटासा कळस. झालर काकूंच्या हाताची.

आला होता जयवंतरावांचा देवेंद्र. अलकापुरीत त्याचं ऑफिस आहे, तिकडेच निघाला असावा, इस्त्रीचा शर्ट वगैरे.

"काका, बाबांनी छत्र मागितलंय. झालर बदलून घ्यायची म्हणतात. मंगळ बाजारात कारागीर मिळालाय."

काकू झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. "झालर? अरे, गेल्या वर्षीच तर मी नवीन लावली. काय झालं तिला?"

देवेंद्रने चप्पल काढलीच नव्हती. "मला काय माहीत काकू. बाबा म्हणाले, घेऊन ये."

"जयवंताने मागितलं ना?" काका उठत म्हणाले. "मग संपलं. विचारायचं काय त्यात?"

बडोद्याच्या जुन्या शहरात घडियाळी पोळ हा मोहल्ला आहे; त्या पोळीच्या आतल्या गल्लीत त्यांचं राममंदिर आहे, लहानसं, चार-पाच मराठी घराण्यांनी मिळून चालवलेलं. कुणाचे पणजोबा संस्थानात खजिन्यावर, कुणाचे दप्तरात. आता त्यातलं कुणी पोळीत राहत नाही, पण देवाच्या वस्तू अजून घराघरात वाटलेल्या आहेत. पालखीचे दांडे एकाकडे, चवऱ्या एकाकडे, छत्र पोतनीसांकडे, म्हणजे आमच्या काकांकडे. मंडळाचा कारभार जयवंतराव बघतात. आणि एकाने देवाची वस्तू मागितली तर दुसऱ्याने "कशाला" असं विचारायचं नाही, ही या मंडळींची रीत. विचारणं म्हणजे संशय घेणं.

काकांनी छत्र मिटलं, मऊ झालेल्या जुन्या धोतरात गुंडाळलं आणि स्वतः खाली गाडीपर्यंत नेलं. मागच्या काचेपासून पुढच्या सीटपर्यंत तिरकं बसवलं. कळसाखाली घरातून उशी मागवून ठेवली. "स्पीडब्रेकरवर जरा हळू रे," असं दोनदा सांगितलं.

"पोहे खाऊन जा की," काकूंनी वरून हाक मारली.

"पुन्हा कधीतरी, काकू."

गाडी वळल्यावर काकू मला म्हणाल्या, "हा पोरगा माझ्या हातचे पोहे सोडून गेला. तब्येत बरी नाही वाटतं."

काकांचं सगळं आयुष्य तसं साधं. पोळीतल्या घरात जन्म, कॉलेज बडोद्यातच, मग कोयलीच्या रिफायनरीत स्टोअर्समध्ये नोकरी, तिथूनच निवृत्त. मुलगी ईशानी बंगळुरात असते. साहेब झाले नाहीत, पुढारी झाले नाहीत, कुठल्या मंडळाचे अध्यक्षही झाले नाहीत. रामनवमीला जन्म झाला की ऊन डोक्यावर असतानाच पालखी निघते, आणि पालखीवर छत्र धरतो तो पोतनीसांच्या घरातला माणूस. हा एक मान त्यांच्याकडे होता.

तो त्यांच्याकडे आला तेव्हा ते कॉलेजात होते. वडील हिवाळ्यात अचानक गेले. भेटायला येणारा प्रत्येकजण एकच वाक्य बोलायचा, "पद्माकर, छत्र हरपलं रे तुझं." काका सांगतात, ऐकून ऐकून त्या वाक्याचा राग यायला लागला होता. मग चैत्र आला, पेटी उघडली, आणि वडिलांच्या जागी उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळलं की ही सगळी माणसं नेमकं काय म्हणत होती. त्या दिवशी गर्दीत त्यांच्या पाठीला हात लावून चालणारा मुलगा होता जयवंत. विजेची तार आली की तो मागून सांगायचा, "पद्या, वाक." पुढे दरवर्षी सांगत आला.

तेव्हापासून काकांना शब्दाचं वेड लागलं. छत्र हा शब्द त्यांनी संस्कृत कोशांत शोधला, गुजरातीत शोधला, फारसी जाणणाऱ्या एका मौलवींकडे जाऊन विचारून आले. अष्टमीच्या संध्याकाळी छत्र मंदिरात पोचलं की पोरं भोवती जमायची आणि काका सुरू व्हायचे.

"सांगा बघू, राजाची सगळ्यात मोठी खूण कोणती?"

"तलवार!"

"तलवार शिपायाकडेही असते."

"सिंहासन!"

"ते राजवाड्यातच राहतं. राजा बाहेर पडला की?" मग छत्राकडे बोट. "आपल्या लोकांनी सर्वोच्च सत्तेला नाव दिलं ते याच्यावरून. एकछत्री राज्य म्हणजे जिथे दुसरं छत्र उघडत नाही असं राज्य. छत्र हा शब्द निघाला छद् या धातूवरून. छद् म्हणजे झाकणे. तेव्हा सत्ता म्हणजे मारणं नाही, हाकणं नाही, झाकणं. ज्याच्याखाली माणसाला ऊन लागत नाही ती सत्ता. आणि छात्र म्हणजे विद्यार्थी, तोही इथलाच. जुने पंडित सांगत, गुरूचे दोष जो झाकतो तो छात्र."

"म्हणजे सरांनी गणित चुकवलं तर आम्ही गप्प बसायचं?" एका वर्षी एका मुलीने विचारलं होतं.

"तू गप्प बसशील असं मला वाटत नाही."

मग अब्दागीर यायची. आफताब म्हणजे सूर्य, गीर म्हणजे धरणारा, फारसीतून फिरत फिरत मराठीत येताना तिचं अब्दागीर झालं. ती राजाच्या बाजूला चालते, छत्र डोक्यावर. शेवटी कुणीतरी हमखास विचारायचं, "काका, आणि आपली पावसाची छत्री?" त्यावर काका म्हणायचे, "तीच की! प्रत्येकजण आपापला राजा. फक्त धरायची स्वतःच."

आणि इथे ते जरा थांबायचे. मोठ्या माणसांसाठीचं वाक्य ते इथे टाकायचे. ज्याच्या डोक्यावर छत्र असतं त्याचे हात मोकळे असतात, आणि ज्याच्या हातात छत्र असतं त्याचं डोकं उन्हात. कोशात अर्थ दिलाय तो खाली बसलेल्याचा. धरणाऱ्याला काय वाटतं ते कुणी फारसं लिहून ठेवलेलं नाही.

नोकरीत असताना या एका दिवसाची रजा त्यांनी कधी सोडली नाही. एक पंजाबी साहेब एकदा म्हणाले होते, "पोतनीस, अप्रैल में छाता पकड़ने के लिए छुट्टी? बारिश कहाँ है?" काकांनी त्यांनाच मंदिरात बोलावलं. साहेब आले, सुंठवडा खाल्ला, पालखीबरोबर पोळभर चालले आणि पुढच्या वर्षी स्वतःहून विचारलं, "इस बार छुट्टी कब है?"

छत्र धरण्यात काय आहे असं वाटेल. पण छत्र सरळ धरलं तर दुपारच्या उन्हातही सावली देवाच्या तोंडावर पडेलच असं नाही. गल्ली वळते तसं ते झुकवावं लागतं, मध्ये केबलच्या तारा, गॅलऱ्यांतले वाळत घातलेले कपडे. भोई दमले की खांदा बदलतात. छत्र धरणाऱ्याने बदलायचा नाही. हात वर गेला की मंदिरात परत येईपर्यंत तो वरच.

आणि तोच हात यंदा वर जात नव्हता. हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. माघातच त्यांचा उजवा खांदा आखडला होता. डॉक्टरांना एकटेच जाऊन दाखवून आले होते. काकूंना सांगितलं नाही, त्या धसका घेतील म्हणून. सांगितलं ते फक्त जयवंतरावांना, कमाटीबागेत सकाळी चालताना. डावा हात जोडीला घेईन, व्यायाम चालू आहे, नवमीपर्यंत जमेल, पण कुणाजवळ बोलू नकोस. जयवंतराव म्हणाले होते, "वेडा आहेस का? मी कशाला बोलतो?"

छत्र गेल्यावर काकांनी एक-दोनदा फोन केला. झालर होतेय, कारागीर गावाला गेलाय, असं उत्तर आलं. काका म्हणाले, होईल. रोज सकाळी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम मात्र दार लावून चालू होता. आम्हाला वाटायचं, जप करतात.

सप्तमीला बेल वाजली. बाहेर हिंमतराव. त्यांचं अलकापुरीत हॉटेल आहे, मनमोकळा माणूस, मंदिरात वर्षातून एकदा दिसणारा. हातात पेढ्यांचा मोठा डबा. आल्या आल्या काकांच्या पाया पडले.

"केम छो काका, मजामा? अहो, तुम्ही तर कमालच केलीत! आजकाल खुर्ची कुणी सोडत नाही आणि तुम्ही पिढ्यांचा मान सोडलात. तोही स्वखुशीने! जयवंतरावांनी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच."

काका हसत होते, ते हसू तसंच राहिलं. "काय सांगितलं जयवंताने?"

"हेच, की खांदा चालत नाही, वयही झालं, म्हणून तुम्हीच म्हणालात, आता दुसऱ्या कुणाला द्या. मग उछामणी ठेवली. आपल्यात ती रीत नव्हती, पण इकडे सगळ्या देवळांत चालतेच की. जो जास्त रक्कम बोलेल त्याला त्या वर्षाचा मान. माझं नाव आलं. देवाचीच मरजी." ते एकदम लहान मुलासारखे लाजले. "पण काका, मला धरता येत नाही हो. जरा शिकवा ना. परवा सगळ्यांसमोर फजिती नको."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी वाटी परत द्यायला आलेली, मीही तिथेच. हिंमतरावांना काहीच ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या तोंडाकडे पाहून आंधळ्यालाही कळलं असतं.

काका उठले. पोछ्याची काठी घेऊन आले.

"काठी छातीला टेकवायची नाही," ते म्हणाले. "टेकवली की छत्र मागे कलतं. आणि स्वतः छत्राखाली जायचं नाही. ऊन लागतं म्हणून माणूस नकळत आत सरकतो. असं."

त्यांनी काठी उचलली. खांद्यापर्यंत आली आणि अडकली. त्यांनी पुन्हा जोर केला, ओठ दाबून. डावा हात खाली धरला, मग कुठे ती वर गेली. हिंमतराव नम्रपणे पाहून घेत होते. काकू मात्र काठीकडे पाहत नव्हत्या.

"समजलं?"

"समजलं काका. तुमचा आशीर्वाद असू दे."

ते गेल्यावर काकूंनी पेढ्यांचा डबा टेबलाच्या कडेला सरकवला. "कधीपासून?"

"माघापासून."

"मला नाही सांगितलंत. जयवंतभाऊजींना सांगितलंत."

काका म्हणाले, "तू घाबरशील म्हणून..."

"आणि ते घाबरणार नाहीत म्हणून त्यांना. बरोबर आहे. ते नाहीच घाबरले." एवढं बोलून त्या आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, जी भांडी मघाशीच घासून झाली होती.

अष्टमीला दुपारी आम्ही बायका मंदिरात सुंठवडा करायला बसलो होतो. काकू आल्या नव्हत्या. छत्र सभामंडपाच्या कोपऱ्यात उभं होतं. झालर खरंच नवी होती, भरपूर जरीची. तेवढं खोटं बोलले नव्हते. माईक लावून जयवंतराव उद्याच्या कार्यक्रमाची उजळणी करत होते. "पालखी सोहळ्यात पिढ्यान्‌पिढ्या छत्राची सेवा करणारे श्री. पद्माकरराव पोतनीस यांनी यंदा स्वखुशीने..."

काका दारातून आत येत होते. जयवंतरावांनी पाहिलं आणि माईक बंद केला.

"ये पद्या. मी आज तुझ्याकडे येणारच होतो."

"केव्हा? मिरवणूक झाल्यावर?"

"बस आधी. चहा मागवतो."

"नको." काका उभेच राहिले. छत्राकडे त्यांनी पाहिलंही नाही. "मी तुला खांद्याचं सांगितलं होतं. मीटिंगला सांगायला नव्हतं सांगितलं."

आम्ही सुंठ कुटणं थांबवलं, मग जरा बरं दिसेना म्हणून पुन्हा हळूहळू सुरू केलं.

"अरे, तुझ्या भल्यासाठीच," जयवंतराव म्हणाले. "भर गर्दीत हात खाली आला असता तर? लोक काय म्हणाले असते? आणि गाभाऱ्याचं छत बघ. यंदाच्या पावसात टिकायचं नाही. पैसा कुठून आणायचा? आपली घराणी आता नावाला. तुझ्यामागे तरी कोण आहे?"

"ईशानी आहे."

"ती बंगळुरात. आणि मुलगी."

"तिला विचारलंस? मला विचारलंस?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

काकांच्या आवाजात राग असेल असं मला वाटलं होतं. तो नव्हता. एखाद्याने आपल्या घरात यावं आणि घर ओळखीचं वाटू नये, तसा काहीतरी आवाज होता.

"कदाचित हो म्हणालो असतो," ते म्हणाले. "हिंमतराव माणूस चांगला आहे. छत गळतंय हे मलाही दिसतं. तू बागेत चालता चालता म्हणाला असतास, पद्या, यंदा दुसऱ्याला देऊ या, तर मी दोन दिवस जेवलो नसतो आणि तिसऱ्या दिवशी स्वतः छत्र आणून दिलं असतं. किंवा नसतंही दिलं. आता ते मलाही कधी कळायचं नाही. देवेंद्रला पाठवून झालर बदलायची म्हणून नेलंस. मी खाली उतरून कळसाखाली उशी ठेवली होती रे."

जयवंतराव खांबाला धरून उभे होते. "मला तुझ्यासमोर यायची हिंमत झाली नाही."

"इतकी वर्षं माझ्या मागे चालत होतास. तेव्हा मला मागे वळून बघावं लागलं नाही कधी."

दोन-तीन पोरं दारातून आत डोकावत होती. त्यातली एक म्हणाली, "काका, आज गोष्ट नाही?" काका म्हणाले, "आज नाही बाळ," आणि तिच्या डोक्यावर डावा हात ठेवून क्षणभर थांबले. पोरं छत्राभोवती जाऊन झालरीची जरी मोजू लागली.

"मग आता काय करू?" जयवंतरावांनी विचारलं. "हिंमतरावांना नाही म्हणून सांगू? उछामणी रद्द करू? तू सांग, मी करतो. बोल."

"नको. त्या माणसाचा काय दोष? त्याला मीच काठी धरायला शिकवलंय."

"मग माझ्याबरोबर तू पुढे चाल. पहिली आरती तुझी. शाल देऊ. सत्कार—"

"शाल नको, सत्कार नको."

"मग काय पाहिजे तुला? काहीतरी माग. मला बरं वाटेल."

"तुला बरं वाटावं म्हणून नाही मागत," काका म्हणाले. "उद्या माईकवर माझं नाव घे किंवा घेऊ नकोस. खांदा दुखतो म्हण, म्हातारा झाला म्हण, मंडळाने ठरवलं म्हण. फक्त मी स्वखुशीने दिलं, असं म्हणू नकोस."